शाईचं पेन सारखं गळतंय? आधी हवा कुठून शिरते ते बघा

पेन गळतंय म्हणून कोणी आणून दिलं की मी पहिलं विचारतो, शाई लागते कुठे? गळण्याचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. तेव्हा आधी तुमचं खालच्यातलं कुठलं ते ठरवा.

– लिहिता लिहिता निबवरून टपकन थेंब पडतो, आणि तो बहुतेक वेळा शाई संपत आल्यावरच.
– टोपण काढलं की आत सगळं निळं, पकडीलाही (बोटांनी धरायच्या पुढच्या भागालाही) शाई, पण लिहायला घेतलं की पेन शहाण्यासारखं चालतं.
– टोपण स्वच्छ, पण पानभर लिहून झालं की अंगठा आणि दोन बोटं रंगलेली.
– पकड आणि नळी जिथे आट्यांनी जोडतात तिथे गोल निळी रेघ.
– खिशाला डाग, तोही निबच्या बाजूला नाही तर नळीच्या मधोमध किंवा बुडाला.
– निबच्या वरच्या पत्र्यावर थोडी शाई पसरलेली, बाकी काही नाही.

शेवटचं असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही. निबवर शाई चढणं म्हणजे गळणं नव्हे, काही शाया चढतातच, पुसलं तरी दहा मिनिटांनी परत येते, लिहिण्यात काही बिघडत नाही.

आणि एक गोव्यातलं खास, जून ते सप्टेंबर. अक्षर फुटतंय, रेघ जाड येतेय, मागच्या पानावर उतरतंय, आणि लोक म्हणतात पेन ओकतंय. अहो पेन नाही, वही ओली आहे. पावसात टेबलावर उघडी पडलेली वही एवढी दमट होते की चांगलं पेनसुद्धा तिच्यावर पसरतं. सीलबंद पुड्यातला नवा कोरा कागद काढा, त्यावर चार ओळी लिहा, तिथे अक्षर नीट आलं तर पेनाला हात लावू नका.

आता हे सगळं होतं का ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढच्या तपासण्या म्हणजे नुसतं आंधळेपणानं स्क्रू पिळणं होईल. शहाळं पिताना स्ट्रॉचं वरचं टोक बोटानं दाबून बाहेर काढलं तर आतलं पाणी खाली पडत नाही, बोट उचललं की पडतं. पेनात तेच चाललेलं असतं. शाईच्या वर कोंडलेली हवा असते, तिचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो म्हणून शाई आत टिकते, आणि निबच्या खालची जी काळी जीभ असते तिच्यातल्या बारीक खाचेतून एकीकडे शाई खाली येते आणि तिची जागा घ्यायला थोडी थोडी हवा वर जाते. १८८४ साली अमेरिकेत लुईस वॉटरमननं पेटंट घेतलं ते ह्याच जिभेचं. म्हणजे पेन गळलं तर मुख्य शक्यता दोन, एकतर आतली हवा फुगून शाईला ढकलतेय, नाहीतर जिभेची वाट सोडून हवा भलतीकडून आत शिरतेय. पहिलीत पेनाचा काही दोष नाही आणि फुकटात काम होतं. दुसरीत शोधाशोध आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत पहिलीवालेच जास्त.

तर फुकटातलं आधी.

पेन ठेवता कुठे आणि कसं? निब वर करून खिशाला लावता की पिशवीत आडवं, किल्ल्यांबरोबर? स्कूटरच्या डिकीत टाकून खड्ड्यांतून आपटत नेलं तर कुठलंही पेन टोपणात शाई सांडणार, त्याला दुरुस्ती नाही. निब वर, क्लिप खिशाला, संपला विषय. आणि डिकीत गरम होतं ते वेगळंच. एसी ऑफिसात २४ अंशाला असलेलं पेन मे महिन्यात उन्हातल्या डिकीत ५० अंशापर्यंत तापलं तर आतली हवा जवळजवळ ९ टक्के फुगते, म्हणजे नळीत २ मिली हवा असेल तर तीनेक थेंब शाई बाहेर यायला पाहते. जिभेच्या पोटाला जे आडवे काप असतात ते त्यासाठीच आहेत, जास्तीची शाई त्यांच्यात थोपून राहते, पण त्यालाही मर्यादा आहे, ते भरले की पुढचा थेंब टोपणात.

टोपण काढता कसं हेही बघा. ओढून काढायचं टोपण असेल आणि तुम्ही ते फटकन खेचत असाल तर क्षणभर आत पोकळी होते आणि ती निबमधून शाई ओढून घेते. टोपण आतून निळं आणि लिहिताना काही त्रास नाही, ह्या लक्षणाचं हे एक हमखास कारण. चार दिवस सावकाश, जरा फिरवत काढून बघा. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात, मग आठवड्यानं फोन करून सांगतात की बंद झालं.

घाटाचं प्रकरण. आमच्या फोंड्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, अजून शाईच्या पेनानंच पत्रं लिहितात. त्यांची लेक बेळगावात. बाईंची तक्रार काय, तर पेन घरी महिनोन्महिने गुणी, पण लेकीकडे पोचून पर्स उघडली की रुमाल निळा. दोन दुकानांत दाखवून झालं, एकानं जीभ बदलली, काही फरक नाही. मी विचारलं, बाई, निघताना पेनात शाई किती असते? "अर्धी-पाऊण संपलेलीच असते बाबा, तिथे जाऊन भरते, जावई बाटली ठेवतो." झालं. चोर्ला घाट चढून बेळगावला गेलं की आपण साडेसातशे मीटर वर जातो, बाहेरचा हवेचा दाब ८ ते ९ टक्के कमी होतो, आणि पेनात कोंडलेली हवा तेवढीच फुगते. पेन पर्समध्ये आडवं, हवा वर, शाई निबकडे, फुगणारी हवा शाईलाच ढकलणार. उपाय दोन, एकतर निघताना पेन काठोकाठ भरा म्हणजे आत फुगायला हवाच नको, नाहीतर पूर्ण रिकामं करून न्या. आणि घाट चढेपर्यंत निब वर. बाई आता भरून नेतात. विमानात हाच खेळ मोठा होतो, केबिनमधला दाब जमिनीवरच्या तीनचतुर्थांशापर्यंत खाली येतो, हवा तिसऱ्या हिश्शानं वाढते, तेव्हा गोव्याचा दाबोळी विमानतळ असो की मोपा, अर्धवट भरलेलं पेन घेऊन चढू नका.

शाई संपत आल्यावर थेंब पडतो ह्याचंही कारण हेच, शाई कमी म्हणजे हवा जास्त, हाताची ऊब लागली की ती फुगते. ड्रॉपरनं थेट नळीत शाई भरायच्या पेनात हे सगळ्यात जास्त, कारण नळी मोठी. गंमत म्हणजे मे महिन्यात घरात पंख्याखाली लिहिताना हे कमी होतं, खोलीच ३३ अंशाला, हाताची ऊब आणखी काय तापवणार? एसीत बसून लिहिणाऱ्यांना त्रास जास्त. एक तृतीयांश शाई उरली की भरून टाकायची सवय लावा. जॉर्ज पार्करनं १८९४ मध्ये वाकडी जीभ आणली तीसुद्धा अंगाच्या उबेमुळे खिशात होणाऱ्या ह्याच गळतीसाठी, पेन उभं ठेवल्यावर जिभेतली शाई नळीत परत उतरावी म्हणून. म्हणजे दुखणं जुनंच आहे.

एवढं सगळं करून पंधरा दिवस वापरा. तरी गळतंय? मग पुढे.

पुढची तपासणी टिश्यूची, आणि ही कोणी वगळू नये. पेन बाहेरून पूर्ण पुसून कोरडं करा, आट्यांच्या फटीतसुद्धा. मग टिश्यूची एक पट्टी जोडावर घट्ट गुंडाळा, एक नळीवर, एक पकडीच्या पुढच्या टोकाला निब सुरू होते तिथे. टोपण न लावता पेन निब वर करून कपात उभं करा, दोन-तीन तासांनी बघा, मग रात्रभर आडवं ठेवून सकाळी परत बघा. जिथे निळा ठिपका आधी दिसेल तिथून गळतंय. एवढंच. लोक काय करतात, बोटाला शाई लागली की निब गळतेय असं धरून चालतात आणि निब उपटत बसतात, आणि गळत असतं जोडातून, शाई पकडीवरून ओघळत बोटापर्यंत आलेली असते.

त्यानंतर शाई आणि सफाई. पेनात आत्ता कुठली शाई आहे? पाणी मिसळून पातळ केलीय का? चित्र काढायची इंडियन इंक तर नाही ना घातली, कारण त्यातली लाख वाळली की जीभ कायमची बसते. पावसाळ्यात शाईच्या बाटलीचं झाकण उघडून वास घ्या आणि उजेडात धरा, आत धागे किंवा साय तरंगत असेल तर ती बुरशी आहे, बाटली टाका, गाळून वापरायचा मोह नको. ती पेनात गेली की जिभेची खाच अर्धवट तुंबते आणि मग पेन कधी कोरडं, कधी एकदम भळ्ळकन.

धुवायचं साध्या थंड पाण्यानं, फार तर कोमट. घट्ट बसली असेल तर वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि नंतर भरपूर पाण्यानं खंगाळायचं, कारण साबण राहिला तर शाईचा ताण मोडतो आणि पेन आणखीच सैल गळतं, म्हणजे रोगापेक्षा उपाय भारी. विहिरीचं पाणी वापरत असाल तर शेवटचं खंगाळणं फिल्टरच्या पाण्यानं करा. गरम पाणी नको, एबोनाइटचा, म्हणजे कडक केलेल्या रबराचा, काळा रंग उतरून मातकट होतो. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर तर अजिबात नको, प्लास्टिक तडकतं. धुऊन रात्रभर टिश्यूवर निब खाली करून ठेवा आणि मग रोजच्या वापरातली साधी शाई, कॅमलिनची रॉयल ब्लू वगैरे, भरून बघा. चमकीच्या, वासाच्या, आणखी कसल्या महागड्या शाया नंतर, आधी साध्या शाईत पेन वागतंय का ते कळू दे.

कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळकांडी) किंवा कन्व्हर्टर (दट्ट्यानं शाई ओढून घेणारी काढती नळी) असलेलं पेन असेल तर तो काढून नीट बघा. तोंड सैल झालंय का, त्याला चीर आहे का, आणि दट्ट्याच्या मागच्या बाजूला शाई गेलीय का. मागे शाई दिसली तर कन्व्हर्टर संपला, नवा आणा, दुरुस्त करत बसण्याएवढी त्याची किंमत नसते. पण कुठलाही कुठल्याही पेनात बसत नाही हं, पार्कर, पायलट, लॅमी ह्या तिघांचे आपापले वेगळे, बळेबळे दुसरा खुपसला तर आज बसल्यासारखा वाटेल आणि उद्या खिशात उतरेल.

टिश्यूनं जोड दाखवला असेल, विशेषतः ड्रॉपरच्या पेनात, तर इलाज सोपा आहे, आट्यांना सिलिकॉन ग्रीस. आटे धुवा, पूर्ण कोरडे करा, तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस काडीनं पकडीच्या आट्यांवर फिरवा, हातानं घट्ट करा, पक्कड नाही. बाहेर आलेलं पुसा. ग्रीस आत जाऊ देऊ नका, जिभेला ग्रीस लागलं की शाई तिला धरतच नाही.

इथे दुकानातला घोळ सांगतो, कारण तो दर वेळी होतो. हार्डवेअरवाल्याकडे सिलिकॉन मागितलं की तो गनवर लावायची सीलंटची नळी देतो, खिडकीच्या काचेला लावतात ती. उघडली की व्हिनेगरसारखा वास येतो. ती सुकून रबर होते, पेनाला लावली तर पेन परत उघडणार नाही. आपल्याला हवं ते न सुकणारं, पांढुरकं, चिकट ग्रीस. आरओ फिल्टर दुरुस्त करणारे डब्याच्या रिंगला लावतात ते, किंवा इथे किनाऱ्यावर स्कुबावाले आपल्या सामानाच्या ओ-रिंगना लावतात ते. छोटी डबी वर्षानुवर्षं पुरते. व्हॅसलिन चालेल का? नाही, पेट्रोलियम जेली रबराची रिंग फुगवून खराब करते. नळाला गुंडाळायची पांढरी टेप? एखाद-दुसरा वेढा अडीनडीला ठीक, पण लोक उत्साहात जाड गुंडाळतात आणि मग घट्ट करताना नळीच तडकते, म्हणून मी ती देत नाही. जोडात आधीच ओ-रिंग असेल आणि ती चपटी झाली असेल तर पेनच सोबत घेऊन जा आणि त्याच मापाची बसवून बघा.

इथपर्यंत बहुतेक पेनं बरी होतात. जी होत नाहीत त्यांच्यात मला एकच संशय येतो, केसाएवढी चीर.

ती सहजी दिसत नाही. पेन पुसून कोरडं करा, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं तिरका धरा आणि पेन हळूहळू फिरवा, नखाला कुठे अडकतं का बघत. पारदर्शक पेन असेल तर शाईच तुम्हाला चीर दाखवते, पुसली तरी जाणार नाही अशी बारीक निळी रेष, आट्यांपासून निघून वर गेलेली, टोकाशी एकदम पुसट होत गेलेली. अशी रेष डाग म्हणून घासत बसलेले लोक मी बघितलेत. ती बहुतेक वेळा सापडते आट्यांच्या तोंडाशी किंवा पकडीच्या पुढच्या ओठावर, कारण ताण तिथेच येतो, कोणीतरी गरजेपेक्षा घट्ट पिळलेलं असतं नाहीतर निब ठोकून बसवलेली असते. नळीची खात्री करायला ड्रॉपरचं पेन असेल तर नुसत्या नळीत पाणी भरा, बाहेरून पुसा, टिश्यू गुंडाळून रात्रभर उभी करा. टिश्यू ओला झाला की निकाल लागला.

चीर सापडली तर फेवीक्विक लावू नका. एकतर पांढरे डाग पडतात, दुसरं म्हणजे ते आत वाहून जीभ आणि पकड एकमेकांना चिकटतात, आणि मग दुरुस्तीवालासुद्धा हात जोडतो. स्वस्त पेन असेल तर पकड किंवा नळी बदलून मिळते का बघा, नसेल तर त्याला डेस्कपेन करा, निब वर करून ठेवा, प्रवासाला नेऊ नका.

राहिली निब आणि जीभ. हे शेवटी का, तर इथे हात घातला की बिघडवायची शक्यता सगळ्यात जास्त. पेन बाजूनं डोळ्यासमोर धरा, निब आणि जीभ ह्यांच्यामध्ये उजेड दिसतोय का? जीभ निबच्या बरोबर मधोमध आहे की एका अंगाला फिरलीय? फिरलेली किंवा वर सरकलेली असेल तर हवेची वाट मोकळी होते आणि शाई धरली जात नाही. आधी तुमच्या पेनाची निब आट्यांवर फिरून निघते की नुसती ओढून, हे शोधून खात्री करा. ओढून निघणारी असेल तर रबराच्या तुकड्यात निब आणि जीभ दोन्ही मिळून धरा आणि सरळ ओढा, वाकवायचं नाही. परत बसवताना आतल्या खोबणीत नीट बसलीय बघा. एबोनाइटची जीभ असेल, घासली की रबरासारखा वास येतो ती, तर निबकडचं टोक चहाएवढ्या गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून निब वरून अंगठ्यानं दाबून, तशीच थंड पाण्यात घातली की फट बसते. प्लास्टिकच्या जिभेला हे करू नका, काही उपयोग नाही, वाकली तर गेली.

आता थांबायचं कुठे ते स्पष्ट सांगतो. पेनात रबराची पिशवी असेल, म्हणजे बाजूला खटका असलेली जुनी पेनं, आणि पिशवी कडक झाली किंवा फाटली असेल तर थांबा, तो जोड लाखेनं चिकटवलेला असतो, ताकदीनं उघडत नाही, फुटतो. मागचा गोंडा फिरवून शाई ओढणारं दट्ट्याचं पेन मागून गळत असेल तर थांबा. निब झाकलेली पेनं, हीरो किंवा जुन्या पार्कर ५१ सारखी, त्यांचं पुढचं कवच घरी काढू नका. सोन्याची निब वाकली असेल तर बोटानं सरळ करायला जाऊ नका. जुनं सेल्युलॉइडचं पेन मेणबत्तीवर किंवा गॅसवर तापवून उघडायचं तर नावही काढू नका, ते भसकन पेटतं. आणि आजोबांचं, एकुलतं एक, दुसरं मिळणार नाही असं पेन असेल तर धुणं आणि टिश्यू ह्याच्या पुढे जाऊच नका, सरळ जाणत्या माणसाकडे द्या.

असा माणूस जवळ नसेल तर पुण्या-मुंबईला कुरियर करावं लागतं. पाठवताना पेन पूर्ण रिकामं, धुऊन, वाळवून, कन्व्हर्टर वेगळा काढून, कडक नळीत किंवा डब्यात घाला, नुसत्या लिफाफ्यात नाही. आणि सोबत एक चिठ्ठी टाका, शाई कुठून येते, कधी येते, टिश्यू कुठे निळा झाला, तुम्ही काय काय करून बघितलं. ग्रीस किंवा गोंद लावला असेल तर तेही लिहा, लपवू नका, तापवायच्या आधी त्याला ते कळायला हवं.